भर पावसात आलेली गौराई

श्रावणातील ऊन-पावसाचा लपंडाव सरतो आणि भाद्रपद उजाडतो तो श्रीगणरायाच्या आगमनाची वार्ता घेऊनच. त्याच्या पाठोपाठ अनुराधा नक्षत्रावर गौरी माहेरपणाला येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा घेतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. या तीन दिवसांत सवाष्णींची जेवणे, हळदीकुंकू, जागरण, झिम्मा-फुगड्या यांनी घर कसे गजबजून जाते! आणि या साऱ्याच्या जोडीला असतो तो पाऊस. ‘पाहुण्यांना आमंत्रण तर दिले; पण ऐन वेळी पाऊस कोसळला तर?’ ही चिंता कोणत्या गृहिणीला चुकली आहे?

वास्तविक गौर ही पावसाचीच लेक. कोकणात ती तेरड्याच्या रोपांची करतात आणि तो तेरडा याच दिवसांत पावसावर पोसून रानोमाळ फुलतो. कित्येक घरी पाणवठ्यावरून खडे आणून त्यांचीच स्थापना होते. आमच्या घरी मुखवट्याच्या दोन उभ्या गौरी असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे म्हणतात. गौरीचे माहेरपणही तीनच दिवसांचे. एवढ्याशा मुक्कामात काही उणे पडू नये म्हणून घरातील वडीलधाऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. आमच्या आईचाही असाच लागला होता, तो २०१७ सालच्या गौरी-आवाहनाच्या दिवशी.

तो मंगळवार

त्या वर्षी आवाहन २९ ऑगस्टला, मंगळवारी आले होते. मुंबईकरांना तो दिवस विसरणे अवघड आहे. २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्या प्रलयाची आठवण यावी अशी संततधार सकाळपासून लागली. दिवसभरात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. हिंदमाता, परळ, दादर जलमय झाले, लोकलगाड्या थांबल्या आणि लाखो माणसे वाटेतच अडकली.

परळच्या आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर सकाळपासून लगबग चालली होती. संध्याकाळी गौरी घरात यायच्या आणि रात्री नात्यातली वीस-बावीस माणसे पंगतीला बसायची, असा बेत होता. शेपूची भाजी आणि भाकरी हा पहिल्या दिवसाचा नैवेद्य. ठाण्याहून आत्या, डोंबिवलीहून मावशी, सर्वांना आवतण गेले होते. आमच्याकडे थोरली सून ज्येष्ठेला आणि धाकटी सून कनिष्ठेला घरात आणते, हा आईच्या सासूबाईंपासूनचा शिरस्ता. धाकटी सून त्या दिवशी फोर्टात कचेरीला गेलेली. दुपारी तिचा दूरध्वनी आला, “आई, गाड्या बंद आहेत. मी कशी येऊ?” पाठोपाठ ठाण्याचा निरोप आला, मग डोंबिवलीचा. दिवेलागणीच्या सुमारास वीजही गेली.

आई देवापुढे समईची वात सारखी करीत बसून राहिली. तिचे सोवळेओवळे फार काटेकोर. कनिष्ठेला कोणी आणायचे, हा प्रश्न आमच्या दृष्टीने लहान असेल. तिच्या दृष्टीने तो अवघ्या वर्षाचा होता. आमच्या सौ. म्हणाल्या, “मीच दोघींना आणते.” आईने नुसतीच मान हलविली. तिला ते पटले नव्हते.

जिन्यातली मुलगी

तेवढ्यात खालून आवाज आले. कंबरभर पाण्यातून वाट काढीत काही माणसे आमच्या जिन्यात आसऱ्याला थांबली होती. दोन प्रौढ बायका, एक वृद्ध गृहस्थ, तीन-चार तरुण आणि कल्याणकडची एक कॉलेजातली मुलगी. मुलगी थंडीने कुडकुडत होती. आम्ही कंदील घेऊन खाली गेलो आणि सर्वांना वर बोलाविले. दाराशी येताच ती संकोचून थबकली. अंगावर गटाराचे पाणी, आणि समोर उंबऱ्यापासून मखरापर्यंत रांगोळीने काढलेली गौरीची पावले!

आम्ही आईकडे पाहिले. आई उठली. तिने मुलीला नाव विचारले, आडनाव विचारले नाही. न्हाणीघरात ऊन पाणी दिले, स्वतःचे कोरडे पातळ दिले आणि ती बाहेर येताच म्हणाली, “बाळ, आमची कनिष्ठा दाराबाहेर खोळंबली आहे. तू आणशील तिला?”

मग आमच्या सौ. आणि ती मुलगी, दोघी मुखवटे घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आईने दोघींच्या पायांवर दूध-पाणी घातले, कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले. थाळी वाजू लागली. स्वयंपाकघर, धान्याचे डबे, कपाट असे सारे घर दाखवीत कंदिलाच्या उजेडात गौरी मखरात आल्या. त्या मुलीच्या डोळ्यांना पाणी आले होते, आईच्याही.

रात्री पंगत बसली. वीस माणसांची भाकरी केलेली होती. ती चाळकऱ्यांना आणि जिन्यातल्या पाहुण्यांना पुरून उरली. ज्यांना बोलाविले होते ते येऊ शकले नाहीत आणि ज्यांना बोलाविले नव्हते ते तृप्त होऊन झोपले. त्या रात्री शहरातील कित्येक गणेशोत्सव मंडळांनीही अडकलेल्यांना असाच आसरा आणि अन्न दिले होते. धाकटी सून दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सारी हकीकत ऐकून तिने प्रथम त्या मुलीलाच हळदीकुंकू लावले.

पावसाळी पाहुणचार

तेव्हापासून आमच्या घरी काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. दाराशी गोणपाट आणि छत्र्यांसाठी रिकामी बादली ठेवतो. पाहुण्यांसाठी कोरडे पंचे आणि दोन-चार धुतलेली पातळे काढून ठेवतो. काडेपेटी, कापूर आणि फुलवाती घट्ट झाकणाच्या डब्यात असतात. नाहीतर ऐन आरतीला सादळलेली काडी पेटत नाही. कंदील पुसून, तेल घालून तयार असतो. हळदीकुंकू सायंकाळऐवजी दुपारीच सुरू करतो, म्हणजे लांबच्या सुवासिनी उजेडी घरी पोचतात. ज्या वृद्ध आहेत त्यांना भिजत बोलावण्याऐवजी त्यांची ओटी आणि प्रसाद उघाड मिळताच घरपोच पाठवितो. आणि चार भाकऱ्या जास्तीच्या होतात, त्या अनाहूतासाठी.

यंदाही गौरी येतील तेव्हा कदाचित आभाळ भरलेले असेल. पंगतीचा बेत थोडा विस्कटेल, रांगोळीची पावले पुसली जातील. वाचक भगिनींनो, त्याने हिरमुसू नका. पावले पुन्हा काढता येतात. दार मात्र उघडे असू द्या. माहेरवाशीण कोणत्या रूपाने, किती भिजून येईल, हे आपल्याला कोठे ठाऊक असते?