फुकटातली शेती

डबे गेले, पाणी भरून झालं की मी शेतावर जायची. शेत कुठे, तर यांच्या कॉम्प्युटरवर! २००९ साली फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ हा खेळ आला आणि आमच्या भिशीतल्या निम्म्याजणी शेतकरीण झाल्या. पैसे पडत नव्हते. ब्राउझर उघडला की नांगरणी सुरू!

पण फुकट म्हणजे काय, ते मला स्ट्रॉबेरीनं शिकवलं. पेरल्यापासून चार तासांत ती तयार, आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जायची. मग हळदीकुंकवाला बसले तरी डोळा घड्याळाकडे. सासरे खरे शेतकरी. म्हणायचे, ‘‘सूनबाई, पाऊस नाही, वीजबिल नाही, तरी माझ्यापेक्षा जास्त जागरण तुझंच!’’

शेत मोठं करायचं तर शेजारी जोडा, नाहीतर खरे पैसे मोजा. पैसे मी मोजले नाहीत. मैत्रिणींना मात्र इतकी गळ घातली की एकीनं चक्क बोलणं सोडलं. फुकट कसलं ते?

तरीही त्या खेळाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. तेवढा अर्धा तास माझा असायचा, त्यात कुणी चहा मागत नसे.

३१ डिसेंबर २०२० ला ‘फ्लॅश’ बंद झालं आणि त्यावर चालणारा हा खेळही. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम उघडून पाहिलं. माझी गाय, झाडं, कुंपण, सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. पैसे दिले नव्हते, मग तक्रार तरी कुणाकडे करणार?