मरकज अंदाजाने सापडत नाही
कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये वर्तुळाचा आणि कमानीचा मध्य कसा धरावा

कापडाच्या दुकानदाराने कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगविषयी का लिहावे, असे वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. या एका बाबीपायी आमचे पैसे गेले आणि हंगामाचे दिवसही गेले. नंतर समजून घेतले तेव्हा कळले, की ही गोष्ट अर्ध्या तासात शिकण्यासारखी होती. आपल्या महाड-पोलादपूर भागात ग्रील-शटरवाले, सुतार, बोर्ड बनवणारे आणि एम.आय.डी.सी.त फ्लँज-पाइपचे काम घेणारे पुष्कळ बांधव आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा प्रपंच.

आमच्यावर आलेला प्रसंग

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्यात आमचे दुकानही होते. कापडाच्या गाठी, काउंटर, कपाटे, सारे चिखलात गेले. कसाबसा धंदा पुन्हा उभा केला, पण दुकानाचा दर्शनी भाग मागे ठेवला होता. तो २०२२ च्या रमजानआधी करून घ्यायचे ठरवले, कारण कापडवाल्याचा खरा हंगाम तोच.

दरवाजावर सुमारे आठ फुटांची कमान हवी होती. लोखंडी पत्र्याचा कमानदार पट्टा, सगळीकडे १०० मिलिमीटर रुंद, आणि त्यावर बसणारे सागवानी तुकडे. पट्टा एका वर्कशॉपला दिला. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरवर ड्रॉइंग केले आणि पत्रा लेझर मशीनवर कापून आला. लाकडी तुकडे पोलादपूरकडच्या एका वयस्कर सुतारकाकांनी केले.

बसवायच्या दिवशी काही केल्या जमेना. कमानीच्या एका टोकाला लाकूड पत्र्याबाहेर येई, दुसऱ्या टोकाला पत्रा लाकडाबाहेर डोकावे. वर्कशॉपचा मुलगा म्हणाला, "चाचा, कॉम्प्युटर चुकत नाही. लाकूडच वेडेवाकडे आहे." आम्हालाही ते पटले, आणि आम्ही त्या म्हाताऱ्या माणसाला चार लोकांदेखत बोललो. ते एवढेच म्हणाले, "शेठ, पत्रा जमिनीवर टाका."

पत्रा फरशीवर टाकला. काकांनी बाहेरच्या कडेवर तीन खुणा केल्या, त्या दोरीने जोडल्या, प्रत्येक दोरीच्या मध्यावर गुण्याने काटकोनात खडूची रेघ ओढली. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदल्या तिथे फुली मारली. हीच कृती आतल्या कडेवर केली. दोन्ही फुल्या एकाच जागी यायला हव्या होत्या. त्या एकमेकींपासून जवळपास १० मिलिमीटर बाजूला पडल्या. लाकूड बरोबर होते. चुकले होते ड्रॉइंग, आणि चुकलो होतो आम्ही. काकांची माफी तिथेच मागितली. नवा पत्रा निम्म्या-निम्म्या खर्चाने कापून आणला, तोवर रमजानचे दहा दिवस उलटून गेले होते.

चूक कुठे झाली

त्या मुलाने बाहेरची कड बरोबर काढली होती. आतली कड काढताना मात्र मध्य नजरेने धरला. पडद्यावर त्याला तो अगदी जागेवर दिसत होता, यात त्याचा खोटेपणा नव्हता. आठ फुटांची कमान फूटभर रुंदीच्या पडद्यावर मावते तेव्हा १० मिलिमीटरची चूक पडद्यावर जेमतेम सव्वा मिलिमीटर दिसते. ती डोळ्याला कळत नाही, पण लेझर मशीन तेवढीच चूक इमानदारीने कापते. आमच्या पट्ट्याची रुंदी एका टोकाला ९४ आणि दुसऱ्या टोकाला १०६ मिलिमीटर झाली ती अशी.

शब्दांची ओळख

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. भूमितीच्या तासाला आम्ही दायरा, मरकज, निस्फ कुतर आणि कौस शिकलो. मराठी शाळेत तेच वर्तुळ, केंद्र, त्रिज्या आणि कंस. कॉम्प्युटरवर तेच सर्कल, सेंटर, रेडियस आणि आर्क. वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेघेला उर्दूत वतर म्हणतात आणि मराठीत जीवा. दोन्हींचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी. तात्पर्य, विद्या एकच आहे, नावे तेवढी बदलतात. इंग्रजी शब्दांना बिचकून कोणी मागे राहू नये.

दायरा मरकजवरूनच निघतो, पण काढून झाल्यावर मरकज दिसत नाही. परकारीचे टोक कागदाला भोक तरी पाडते. पडद्यावर तीही खूण राहत नाही. कमानीचे तर आणखी अवघड, कारण तिचा मध्य कमानीपासून कितीतरी खाली मोकळ्या जागेत असतो.

कॉम्प्युटरला मध्य विचारावा

ड्रॉइंगसाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ऑटोकॅड वापरतात. ते पहिल्यांदा १९८२ साली निघाले. त्यात ऑब्जेक्ट स्नॅप नावाची सोय आहे. स्नॅप म्हणजे पकड. रेघेचे टोक, रेघेचा मध्य, वर्तुळाचे केंद्र असे नेमके बिंदू कॉम्प्युटर स्वतः गणिताने पकडून देतो, डोळ्यावर काही सोडत नाही.

ही पकड दोन प्रकारे लावता येते. पहिला प्रकार कायमचा. ओ-एस-एन-ए-पी ही अक्षरे टाइप करून एंटर दाबले की एक चौकट उघडते. त्यात सेंटरसमोर खूण करावी. एफ-३ हे बटण दाबले की पकड चालू होते, पुन्हा दाबले की बंद. त्या मुलाचे एफ-३ नकळत बंद पडले होते, एवढीच मूळ चूक.

दुसरा प्रकार त्या वेळेपुरता. कॉम्प्युटर बिंदू विचारत असताना सी-ई-एन टाइप करून एंटर दाबावे. मग त्या एका क्लिकपुरता तो फक्त मध्यच शोधतो. महत्त्वाच्या कामात आम्ही हाच प्रकार सुचवू, कारण यात दुसरा बिंदू चुकून पकडला जात नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मध्य हवा म्हणून नवशिका बाण वर्तुळाच्या पोटात नेतो आणि तिथे काहीच सापडत नाही. बाण न्यायचा तो कडेवर. कडेला स्पर्श झाला की मध्यावर लहान गोल खूण उमटते. ती दिसल्यावरच क्लिक करावे. कमानीचेही तसेच. कमानीच्या रेघेवर बाण ठेवला की दूर खाली तिच्या मध्यावर खूण येते.

नेहमीच्या चार चुका

पहिली. एफ-९ आणि एफ-३ यांची गल्लत. एफ-९ ची पकड पडद्यावरच्या ठरावीक अंतराच्या अदृश्य ठिपक्यांची असते. तिचा वर्तुळाच्या मध्याशी संबंध नाही.

दुसरी. चौकटीतल्या सगळ्या खुणा एकदम चालू ठेवणे. मग कडेवर बाण नेला की मध्याऐवजी कडेवरचाच एखादा बिंदू पकडला जातो. अशा वेळी टॅब बटण दाबत गेले की जवळचे बिंदू एकामागून एक पुढे येतात. त्यातला मध्य निवडावा, किंवा सरळ सी-ई-एन टाइप करावे.

तिसरी. वर्तुळासारखे दिसणारे सारे वर्तुळच समजणे. बोर्डवाल्याकडून आलेल्या फाइलमध्ये गोल आकार पुष्कळदा बारीक सरळ तुकड्यांचा किंवा मुक्त वळणाचा असतो. त्याला कॉम्प्युटरच्या लेखी मध्यच नसतो. तिथे काकांचीच युक्ती चालते. सर्कलच्या हुकमात तीन बिंदूंचा पर्याय घ्यावा आणि कडेवरचे तीन बिंदू द्यावे. त्यांवरून खरे वर्तुळ तयार होते, मग त्याचा मध्य मिळतो.

चौथी. चौकोनाचा मध्य सेंटरने शोधणे. बंद चौकोनासाठी २०१६ च्या आवृत्तीपासून जॉमेट्रिक सेंटर ही वेगळी पकड आली आहे.

कमानीचा हिशेब

कॉम्प्युटर नसला तरी कमानीची त्रिज्या काढता येते. रुंदीचा वर्ग करावा, त्याला उंचीच्या आठपटीने भागावे आणि त्यात निम्मी उंची मिळवावी. आमची कमान २४०० मिलिमीटर रुंद आणि ४०० उंच. २४०० चा वर्ग ५७,६०,०००. त्याला ३२०० ने भागले की १८००. त्यात २०० मिळवले की त्रिज्या २००० मिलिमीटर. त्यातून उंचीचे ४०० वजा केले की कळते, मध्य कमानीच्या पायापासून १६०० मिलिमीटर खाली आहे. ड्रॉइंग मशीनवर जाण्याआधी हा आकडा ताडून पाहावा.

मशिदीच्या खिडकीला असते तशी नोकदार कमान असेल तर मध्य एक नसून दोन असतात. साध्या प्रकारात डाव्या बाजूच्या कंसाचा मध्य उजव्या पायाशी आणि उजव्याचा डाव्या पायाशी असतो, आणि त्रिज्या रुंदीएवढीच. दोन्ही मध्य पकडीनेच घ्यावेत, नाहीतर टोक मधोमध येत नाही.

फ्लँजवाल्यांसाठी

१०० मिलिमीटर पाइपचा पी.एन. १६ फ्लँज घ्या. बाहेरचा व्यास २२०, बोल्टच्या भोकांचे वर्तुळ म्हणजे पी.सी.डी. १८०, भोके ८, प्रत्येक १८ मिलिमीटरचे, बोल्ट १६ चा. एक भोक काढून बाकीची मध्याभोवती फिरवून घेतात. फिरवण्याचा मध्य त्या पहिल्या भोकापासून ३ मिलिमीटर दूर सरकला तर ९० ची त्रिज्या ९३ होते आणि पी.सी.डी. १८६. भोकात मोकळीक आहे २ मिलिमीटर. बोल्ट जाणारच नाही, आणि माल परत येईल.

म्हणून शेवटी तपासणी जरूर करावी. आय-डी टाइप करून सी-ई-एन घ्यावे आणि आतल्या वर्तुळावर क्लिक करावे. मध्याचे आकडे दिसतात. हेच बाहेरच्या वर्तुळाचे करावे. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले पाहिजेत. यात मिनिटही जात नाही.

शिकण्यासाठी खर्च नको

महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत कोणी वापरू नये. लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड ही दोन्ही फुकट आणि कायदेशीर मिळतात, आणि दोन्हींत मध्य पकडण्याची सोय आहे. लिब्रेकॅडमध्ये डी.एक्स.एफ. फाइल तयार होते आणि कापणारे ती घेतात. ज्याला रीतसर शिकायचे आहे त्याच्यासाठी आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समन हा दोन वर्षांचा ट्रेड असतो.

बांधकामावर लाकडी साच्याला आपण सगळे सेंट्रिंग म्हणतो. हा शब्द मुळात कमानीच्या साच्याचा आहे. त्या साच्यावरच पूर्वी दगडी कमानी चढवत. जुने कारागीर मध्य सांभाळूनच काम करीत होते. दहाव्या शतकात बगदादचे गणिती अबुल वफा बुजजानी यांनी खास कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर ग्रंथ लिहिला होता. इल्म आणि हुनर त्यांनी वेगळे मानले नाहीत.

आमच्या दुकानावरची कमान आता नीट बसली आहे. नवे ड्रॉइंग त्याच मुलाने केले, पण सुतारकाकांना शेजारी बसवून. काकांनी मध्य कुठे असायला हवा ते दोरीने दाखवले, मुलाने तो पडद्यावर पकडीने घेतला आणि दोन्ही आकडे जुळले. आमचे एवढेच सांगणे आहे, की ज्यांच्या घरात जुना हुनर आहे त्यांनी मुलांना कॉम्प्युटर शिकवावा, आणि ज्यांची मुले कॉम्प्युटर शिकली आहेत त्यांनी त्यांना चार दिवस जुन्या कारागिराच्या हाताखाली घालावे. आणि माल जुळला नाही तर माणसावर आवाज चढवण्याआधी दोरी लावून पाहावी.