शैवालाच्या टाकीतील कर्ब

कोळंबीची अळी खाऊ लागताच तिला कीटोसेरॉससारखे सूक्ष्म सागरी शैवाल द्यावे लागते. टाकीतील शैवाल खुंटले की अळ्या उपाशी मरतात. खत व प्रकाश पुरेसे असूनही ते खुंटल्यास कर्बाकडे लक्ष द्यावे.

जमिनीवरील पिके कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइड, हवेतून घेतात. समुद्राच्या पाण्यात हा वायू विरघळलेल्या असेंद्रिय कर्बाच्या जेमतेम १ टक्का असतो. सुमारे ९० टक्के कर्ब बायकार्बोनेटच्या, म्हणजे खाण्याच्या सोड्यात असतो त्याच, रूपात असतो. शिवाय पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट मंद पसरतो. म्हणून शैवालाच्या पुष्कळ जाती बायकार्बोनेटच पेशीत ओढून घेतात आणि कार्बोनिक अनहायड्रेज या विकराच्या साहाय्याने त्याचा वायू करतात. कारण कर्ब बांधणारे रुबिस्को हे विकर केवळ वायूच स्वीकारते. काही जाती हे काम पेशीच्या पृष्ठभागावरच उरकतात. या खटाटोपात शक्ती मात्र खर्ची पडते.

दाट वाढीत, भर उन्हात, पाण्याचा सामू ९ च्या वर चढतो व मोकळा वायू जवळजवळ नाहीसा होतो. टाकीत हवेचे बुडबुडे सोडावयाचे ते केवळ पाणी ढवळण्यासाठी नव्हेत. तेवढ्याने न भागल्यास हवेत किंचित कर्बाम्ल वायू मिसळावा, सामू ८.२ ते ८.७ राहील इतकाच.