बीटा किरणांचा हिशेब

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला आणि अणुवीजकेंद्रांपासून रुग्णालयांपर्यंत कर्मचाऱ्यांच्या छातीवर दिसणारा टीएलडी बॅज दिसण्यास अगदी सामान्य असतो. परंतु त्यातील कॅल्शियम सल्फेट व टेफ्लॉन यांच्या तीन चकत्या, ज्यांत डिस्प्रोशियमचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो, किरणोत्साराची ऊर्जा कित्येक महिने जपून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापविल्या जाताच ती प्रकाशरूपाने परत करतात. त्या प्रकाशावरून मात्रा ठरते.

गॅमा किरणांच्या बाबतीत हा व्यवहार बराच सरळ आहे. बीटा कणांचे तसे नाही. एका चकतीवर धातूचे आवरण असते, दुसरीवर प्लास्टिकचे, तिसरी जवळजवळ उघडी. बीटा कण धातूपाशी अडतात, म्हणून उघड्या व झाकलेल्या चकत्यांच्या प्रकाशातील तफावत हीच त्यांच्या उपस्थितीची साक्ष होय. अडचण पुढेच आहे. त्वचेवरील मात्रा, जिची वार्षिक मर्यादा ५०० मिलिसीव्हर्ट आहे, पृष्ठभागाखाली अवघ्या ०.०७ मिलिमीटरवर मोजावयाची असते, आणि चकतीची जाडी तर सुमारे ०.८ मिलिमीटर! इट्रियम-९० चे २.२८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा असलेले कण तिला भेदून जातात, पण थॅलियम-२०४ चे, ०.७६ पर्यंतचे, आपली बहुतांश ऊर्जा पुढच्या थरांतच खर्च करतात. त्यामुळे त्वचेला तितकीच मात्रा मिळाली असतानाही चकती पुष्कळ कमी प्रकाश देते. उघड्या व प्लास्टिकखालील चकत्यांच्या गुणोत्तरावरून कणांच्या ऊर्जेचा अदमास घेऊन मगच दुरुस्ती करावी लागते. म्हणजे दफ्तरी नोंदला जाणारा बीटा-मात्रेचा आकडा हे वाचन नसून अनुमान आहे, आणि कर्मचारी कोणत्या द्रव्यावर काम करीत होता, हा तपशील प्रयोगशाळेला कळविणे म्हणूनच मला अत्यावश्यक वाटते. ट्रिटियमचे कण तर इतके दुर्बळ की ते बॅजच्या वेष्टनातूनच आत शिरत नाहीत. त्यासाठी मूत्राची तपासणी करावी लागते.

बॅज जाड ॲप्रनखाली गेला, उलटा लागला किंवा खिशातील ओळखपत्राआड दडला, की गॅमाचा हिशेब फारसा बिघडत नाही. बीटाचा मात्र पार कोलमडतो. शिवाय इट्रियमची औषधे सिरिंजमध्ये भरणाऱ्या तंत्रज्ञाच्या बोटांना मिळणारी मात्रा छातीवरच्या बॅजला कळतच नाही. तिथे बोटातील अंगठीत बसविलेला मात्रामापकच हवा, आणि तोही चकती तळहाताच्या बाजूस, उगमाकडे वळवून घातलेला.