विश्लेषण : ‘अँड’, ‘अनलेस’, ‘दॅट’... इंग्रजी वाक्ये जोडताना मराठी माणूस नेमका कुठे अडखळतो?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२४ रोजी दिलेल्या एका निकालात वादाचा विषय होता ‘अँड’ हा शब्द. या ‘अँड’चा अर्थ काय लावायचा, यावर अमली पदार्थ प्रकरणातील आरोपींना शिक्षेत सवलत मिळणार की नाही, हे ठरणार होते. नऊ न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. इंग्रजीतच कायदे लिहिणाऱ्या देशात ही गत, तर मराठीत विचार करून इंग्रजीत ईमेल पाठवणाऱ्याची अडचण समजण्यासारखी आहे. मात्र तिची कारणे शोधता येतात, आणि त्यातली बरीचशी मराठीच्या स्वतःच्या रचनेत दडलेली आहेत.

न्यायालयात वाद काय होता?

अमेरिकेत आरोपीच्या जुन्या शिक्षांना गुण दिले जातात. २०१८ च्या ‘फर्स्ट स्टेप अ‍ॅक्ट’नुसार अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत सक्तीच्या किमान शिक्षेतून सूट मिळू शकते. अट अशी की, आरोपीच्या नावावर चारपेक्षा जास्त गुण, तीन गुणांचा जुना गुन्हा ‘अँड’ दोन गुणांचा हिंसक गुन्हा नसावा. या प्रकरणातील आरोपीला पहिल्या दोन बाबी लागू होत होत्या, तिसरी नाही. तिन्ही एकत्र असतील तरच सूट नाकारता येईल, असा त्याचा युक्तिवाद होता. सरकारच्या मते तिन्हींपैकी एकही असता कामा नये. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सरकारचा अर्थ मान्य केला.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिला. त्यात रुग्णालयाच्या सूचनेचे साधे उदाहरण आहे. उपचारापूर्वी खाऊ नका, पिऊ नका ‘अँड’ धूम्रपान करू नका असे सांगितले, तर रुग्ण तिन्ही गोष्टी टाळतो, दोन करून एक टाळत नाही. न्यायमूर्ती नील गोरसच यांना हे पटले नाही. ‘अँड’ म्हणजे ‘अँड’च, अशी त्यांच्या मतभेदाची दिशा होती. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर आणि केतनजी ब्राऊन जॅक्सन त्यांच्या बाजूने होत्या.

मराठीत हा प्रश्न का पडत नाही?

‘मला चहा आणि कॉफी नको’ म्हटले की मराठी घरात काहीच येत नाही. दोन्ही नको, हे स्पष्ट असते. तेच वाक्य शब्दशः ‘आय डोन्ट वॉन्ट टी अँड कॉफी’ असे केले, तर दोन्ही एकदम नको, एक चालेल, असाही अर्थ निघू शकतो. म्हणून रोजच्या इंग्रजीत नकारानंतर सहसा ‘ऑर’ येतो : ‘आय डोन्ट वॉन्ट टी ऑर कॉफी’. ‘ऑर’ म्हणजे ‘किंवा’, असे पाठ केलेल्याला हे उलटे वाटते. पण नकारासोबत आलेला ‘ऑर’ निवड देत नाही, दोन्ही दारे बंद करतो.

‘ऑलदो’नंतर ‘बट’ का येतो?

शब्द जोडताना एवढा गोंधळ, तर वाक्ये जोडताना तो वाढणारच. शाळेत उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वबोधक आणि गौणत्वबोधक असे दोन गट शिकवतात. इंग्रजीतही तसेच आहे : ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ समान दर्जाची वाक्ये जोडतात, तर ‘इफ’, ‘बिकॉज’, ‘ऑलदो’, ‘अनलेस’ एका वाक्याला दुसऱ्यावर अवलंबून ठेवतात. फरक पुढे आहे. मराठीला जोडी आवडते : जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत. साहजिकच ‘ऑलदो इट वॉज रेनिंग’ म्हटल्यावर ‘तरी’ची जागा मोकळी वाटते आणि तिथे ‘बट’ येऊन बसतो. इंग्रजीच्या लेखी ‘ऑलदो’ने सांधा आधीच बसवलेला असतो, त्यामुळे ‘बट’ दुसरा खिळा ठरतो. ही केवळ मराठी माणसाची खोड नाही. हिंदीत ‘यद्यपि-तथापि’ आहे, चिनी भाषेतही अशी जोडी आहे, आणि चिनी विद्यार्थी इंग्रजीत हीच चूक करतात.

जोडीतला कोणता शब्द गळू शकतो, हे पाहिले की गाठ सुटते. ‘जर पाऊस पडला तर जाऊ नकोस’ यातला ‘जर’ काढला तरी काही बिघडत नाही. बोलताना तो बहुधा नसतोच. ‘तर’ काढला की वाक्य लंगडते. इंग्रजीत नेमके उलट : ‘देन’ गाळता येतो, ‘इफ’ नाही. मराठीत भार दुसऱ्या शब्दावर, इंग्रजीत पहिल्यावर. ‘बिकॉज’ने सुरू झालेल्या वाक्यात मध्येच ‘सो’ शिरतो, तोही याच ओढीने. ‘म्हणून’ आल्याशिवाय मराठी कानाला कारण पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही.

‘अनटिल’ आणि ‘अनलेस’ एवढे त्रास का देतात?

कारण इथे चूक केवळ कानाला खटकत नाही, अर्थच बदलते. ‘अनलेस यू डोन्ट पे द फी, युवर अ‍ॅडमिशन विल बी कॅन्सल्ड’ अशी सूचना लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, फी भरली नाही तर प्रवेश रद्द होईल. ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. त्यात ‘डोन्ट’ मिसळले की दोन नकार एकमेकांना खातात आणि उरते ते असे : फी भरली तर प्रवेश रद्द! वाचणारा समजून घेतो म्हणून निभावते. करारपत्रात कोणी समजून घेईलच, असे नाही.

‘अनटिल’चे दुखणे थोडे वेगळे. ‘पाऊस थांबत नाही तोपर्यंत इथेच थांब’ या वाक्यात मराठी मन वाट पाहण्याचा सगळा काळ डोळ्यांसमोर आणते. त्या काळात पाऊस थांबलेला नसतो, म्हणून ‘नाही’ अगदी बरोबर आहे. ‘अनटिल’ त्या काळाचे शेवटचे टोक दाखवतो. त्या टोकाला पाऊस थांबतो, म्हणून ‘वेट हिअर अनटिल द रेन स्टॉप्स’. इथे ‘डझन्ट’ घातला की टोकच नाहीसे होते.

गंमत म्हणजे टोक दाखवणारी रचना मराठीतही आहे. ‘पाऊस थांबेपर्यंत थांब’ यात कुठेही ‘नाही’ नाही. ‘अनलेस’साठी ‘फी भरल्याशिवाय’ आहे, त्यातही वेगळा नकार लागत नाही. मनात ‘थांबेपर्यंत’ किंवा ‘भरल्याशिवाय’ असे वाक्य आले, की इंग्रजी बहुधा आपोआप सरळ उतरते. ही युक्ती शाळेतच शिकवायला हवी होती. ‘तो येईल तेव्हा’चे मात्र असे होत नाही. तिथे मराठीत भविष्यकाळ लागतो आणि इंग्रजीत ‘व्हेन’नंतर ‘ही विल कम’ चालत नाही, ‘ही कम्स’ लागते. ते लक्षातच ठेवावे लागते.

‘दॅट’मुळे पैसे कोणी भरायचे?

‘सर म्हणाले की मी पैसे भरतो.’ कार्यालयात हे ऐकणारा बहुधा समजतो, पैसे सर भरणार. मराठीतला ‘की’ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे आणू शकतो. आता ईमेल जातो : ‘सर सेड दॅट आय विल पे’. इंग्रजीत ‘दॅट’नंतरचा ‘आय’ हा ईमेल लिहिणारा. म्हणजे बिल कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या गळ्यात! ‘सर सेड दॅट ही वुड पे’ लिहिले, तर बिल ज्याचे त्याच्याकडे राहते. बोलताना इंग्रज हा ‘दॅट’ सर्रास गिळतात, पण तो गिळला तरी सर्वनामाचा हिशेब तोच.

बोलताना चालते, ते लिहिताना का नाही?

बोलण्यातले इंग्रजी ‘अँड’, ‘सो’, ‘बट’ यांच्या माळेवर चालते. आवाजाचा चढउतार आणि मधला थांबा अर्थ सावरतो. लेखनात ती सोय नसते. मराठीत ‘बरे नव्हते, आलो नाही’ हे स्वल्पविरामावर निभते. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये फक्त स्वल्पविरामाने जोडणे औपचारिक लेखनात चूक मानतात. तिथे ‘सो’ हवा, अर्धविराम हवा किंवा सरळ पूर्णविराम. सर्वाधिक फसवतो तो ‘हाऊएव्हर’. तो ‘बट’सारखा दिसतो, पण या कामी तो क्रियाविशेषण असतो, दोन वाक्ये जोडण्याची ताकद त्याच्यात नसते. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो.

उलट, ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करू नये, हा अनेक शिक्षकांनी पाठ करून घेतलेला नियम मात्र नियम नव्हेच. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या अध्यायातील बहुतेक ओव्या ‘अँड’नेच सुरू होतात.