स्वाक्षरीसंग्रह, टपालाद्वारे

स्वाक्षरीसंग्रह, टपालाद्वारे : नामवंत व्यक्तींना पत्र पाठवून त्यांची हस्तलिखित सही मागविण्याचा व आलेल्या सह्या जतन करण्याचा छंद. सभेत, क्रीडांगणावर किंवा नाट्यगृहाच्या दाराशी वही पुढे करून घेतलेली सही आणि टपालाने आलेली सही यांत एक मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकारात सही करणारा हात संग्राहकास दिसतो. दुसऱ्यात तो दिसत नाही. या छंदाची पद्धती, त्यातील समाधान व त्यातील फसगत यांचा उगम बव्हंशी या फरकात आहे.

पार्श्वभूमी : पत्र कोणाच्या हातचे, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. मराठेशाहीत मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा असे. पत्राची सत्यता शिक्का व मोर्तब यांवरून ठरे आणि मोठ्या व्यक्तीने स्वहस्ते घातलेल्या ओळींना विशेष मोल असे. सामान्य माणसास मात्र दूरच्या अपरिचित व्यक्तीशी पत्राने संबंध जोडणे सुलभ झाले, ते आधुनिक टपालव्यवस्थेमुळे. १८५४ मध्ये अंतरानुसार बदलणारा दर जाऊन पाव तोळा वजनाच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर देशभर लागू झाला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले.

या समान दराचे महत्त्व तालुक्याच्या गावांना अधिक होते. सिन्नर (जि. नाशिक) हे नाशिक–पुणे मार्गावरील गाव त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. मराठी प्रकाशन, नाट्य, चित्रपट व क्रिकेट यांची प्रमुख केंद्रे मुंबई-पुण्याकडे असल्याने अशा गावातील विद्यार्थ्यास आवडत्या लेखकाची वा खेळाडूची भेट क्वचितच घडे. पत्राचा खर्च मात्र त्यास मुंबईकराइतकाच येई. त्या पत्रावरील तिकीट बहुधा जवळच्या नाशिकरोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेले असे. हा छापखाना १९२० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. तत्पूर्वी भारताची तिकिटे लंडनहून छापून येत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन क्रमांक प्रचारात आले. संस्कृत कवी व टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे या योजनेचे जनक होत. सिन्नरच्या ४२२१०३ या क्रमांकातील पहिले तीन अंक नाशिक विभाग व शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दर्शवितात. परतीच्या पाकिटावर हा क्रमांक अचूक घातल्यास उत्तर भलत्या गावी जाण्याचा संभव कमी होतो.

पद्धती : पत्र एका पृष्ठात मावणारे व शक्यतो हस्तलिखित असावे. संबंधित व्यक्तीच्या कार्यातील नेमके काय भावले, ते दोन-तीन वाक्यांत सांगून शेवटी एकच सही मागावी. सोबत कोरे, जाड व गुळगुळीत नसलेले कार्ड आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट घालावे. उत्तर देणाऱ्यावर खर्च व श्रम यांचा भार पडू नये, हा यामागील हेतू होय. पूर्वी याच कामी जवाबी पोस्टकार्ड (जोडकार्ड) सोयीचे पडे. भारतीय तिकीट परदेशातून येणाऱ्या पत्रास चालत नाही. त्यासाठी जागतिक टपाल संघाने १९०६ च्या रोम परिषदेत आंतरराष्ट्रीय जवाबी कूपनाची योजना मान्य केली. पुढे अनेक देशांनी या कूपनांची विक्री बंद केली. पत्र प्रकाशनसंस्था, क्रीडासंघटना किंवा कार्यालय यांच्या पत्त्यावर पाठविणे उचित. खाजगी निवासाचा पत्ता मिळवून तेथे वारंवार लिहिणे शिष्टसंमत नाही.

प्रतिसाद : नामवंतांची वृत्ती भिन्न असते. महात्मा गांधी सहीसाठी पाच रुपये घेत व ती रक्कम हरिजन निधीस देत. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) जाहीर समारंभांपासून अलिप्त राहिले. परंतु त्यांचा पत्रव्यवहार विपुल होता व त्यांची पत्रे मरणोत्तर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. चांद्रवीर नील आर्मस्ट्राँग यांनी आपल्या सह्यांचा बाजार होत असल्याचे पाहून १९९० च्या दशकात सह्या देणे थांबविले. त्यामुळे मौन हा अवमान समजू नये.

सत्यता : टपालाने आलेली सही खरी असेलच असे नाही. चित्रपट-कलावंतांच्या छायाचित्रांवर पुष्कळदा छापील सही असते; काहींच्या वतीने चिटणीस सही करतात. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून खऱ्या लेखणीने सही करणारी यंत्रेही वापरात आली. एकाच व्यक्तीच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या असता तंतोतंत जुळल्यास यंत्राचा वा छपाईचा संशय घ्यावा, कारण हाताने केलेल्या दोन सह्या सर्वांशी सारख्या नसतात. मजकूर दुसऱ्याच्या हातचा असणे हे मात्र लबाडीचे लक्षण नव्हे : वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेल्याने त्यांचे लेखन लेखनिकाकरवी होत असे.

जतन व हक्क : सही प्रकाश व दमट हवा यांपासून दूर, आम्लरहित कागदात ठेवावी, तिच्यावर उष्णतेने प्लॅस्टिक चढविल्यास ती कायमची बिघडते. पाकीट टाकू नये, कारण त्यावरील टपालशिक्का दिनांक व स्थळ यांचा पुरावा असतो. आलेल्या पत्राचा कागद संग्राहकाच्या मालकीचा होतो. मजकुराचा स्वामित्वहक्क मात्र लिहिणाऱ्याकडे आणि १९५७ च्या भारतीय कायद्यानुसार त्याच्या मृत्यूनंतर वारसांकडे राहतो. म्हणून ते परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही.

मोबाइलवरील छायाचित्रे व समाजमाध्यमे यांमुळे एकविसाव्या शतकात हा छंद बराच ओसरला. तरीही प्रत्यक्ष भेट ज्यांच्या आवाक्यात नाही, अशा चाहत्यांना पाकीट व तिकीट यांचा मार्ग उपलब्ध आहे. अशा संग्रहांतील सहीसोबतची पत्रे लेखकाचे हस्ताक्षर, वास्तव्य व वाचकांशी असलेले नाते यांच्या अभ्यासास साधनभूत ठरू शकतात.