राणी नेफरतारीचे थडगे

इजिप्तमधील लक्सर शहरासमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, राण्यांची दरी आहे. दुसऱ्या रामसेसची पट्टराणी नेफरतारी हिचे थडगे या दरीतल्या चुनखडकात इ. स. पूर्व तेराव्या शतकात कोरले गेले. इटालियन संशोधक एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांनी १९०४ मध्ये ते उजेडात आणले, तेव्हा ते प्राचीन काळीच लुटले गेल्याचे दिसले. फुटलेल्या शवपेटीचे तुकडे आणि पायताणांचा जोड अशा मोजक्याच वस्तू मिळाल्या; त्या आता इटलीतील तुरिनच्या संग्रहालयात आहेत. भिंतींवरची सुमारे ५२० चौरस मीटर चित्रे मात्र जागेवरच राहिली, आणि तीच या थडग्याची खरी दौलत आहे.

पायऱ्या उतरल्यावर पहिले दालन लागते. तिथे राणी एकटीच ‘सेनेट’ हा पटावरचा खेळ खेळताना दिसते. पुढच्या उतारावर पंख पसरलेली सत्याची देवता मात आहे. सर्वांत खाली चार खांबांचे समाधिदालन आहे. मृत्युलोकाची द्वारे आणि त्यांचे रक्षक तिथे क्रमाने चितारले आहेत. परलोकात राणीला वाट सापडावी म्हणून ‘मृतांच्या ग्रंथा’तील मंत्र चित्रांसोबत लिहिले आहेत. छतावर गडद निळ्या आकाशात पिवळ्या चांदण्या आहेत. राणीच्या गालांवरची हलकी लाली आणि पारदर्शक वस्त्राच्या चुण्या पाहिल्या की चित्रकारांची विलक्षण तयारी कळते.

इथला खडक भेगाळ असल्याने कारागिरांनी त्यावर जाड गिलावा चढवला, त्यात उथळ उठावाच्या आकृती कोरल्या आणि मग रंग भरले. लाल व पिवळ्यासाठी गेरूसारख्या मातीचा, काळ्यासाठी कोळशाचा, तर निळ्यासाठी तांबे, वाळू व चुना भाजून केलेल्या रंगाचा वापर झाला.

खडकात आणि गिलाव्यात मीठ आहे. ओलाव्यात ते विरघळते, पृष्ठभागाकडे येऊन पुन्हा स्फटिक बनते आणि गिलावा भिंतीपासून सुटतो. त्यामुळे बराच भाग नष्ट झाला. १९८६ ते १९९२ या काळात इजिप्तचा पुरातत्त्व विभाग आणि अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्था यांनी पाहणी व जतनाचे काम केले. सुटलेला गिलावा पुन्हा चिकटवला, काजळी पुसली. गळालेल्या जागी नवी चित्रे मात्र काढली नाहीत.

माणसाच्या श्वासातून आणि घामातूनही आत दमटपणा वाढतो. म्हणूनच १९९५ मध्ये थडगे खुले करताना दिवसाला १५० प्रेक्षकांची मर्यादा घातली गेली. पुढे अनेक वर्षे ते सर्वसामान्यांना बंद होते. अशी बंधने पाहणाऱ्याला जाचक वाटली, तरी तीन हजारांहून अधिक वर्षांचे हे रंग टिकवण्यासाठी ती पाळलीच पाहिजेत.